पांढऱ्या फुलाची साक्ष

धुळ्याला शेतकी शिकून मी पाचोऱ्याजवळच्या आमच्या मळ्यात परतलो, तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पिवळ्या फुलाचं एक कपाशीचं झाड बियाण्यासाठी राखलं होतं. "अस्सल शे," ते म्हणाले.

"कशावरून?" मी विचारलं. देशी कपाशीत पिवळा रंग पांढऱ्याला दाबतो. आईबापांपैकी एकाकडून पांढरा आला असला, तरी फूल पिवळंच दिसतं. पांढऱ्या फुलाच्या झाडाकडे मात्र लपवायला काही नसतं. म्हणून पिवळं झाड अस्सल आहे का हे तपासायला संकर त्याच्याशीच करायचा.

आबा भडकले. पांढरं फूल दिसलं की झाड उपटायचं, ही त्यांची रीत. पण मीही त्यांचाच मुलगा. बांधाजवळचं एक पांढरं झाड मी भांडून वाचवलं. संध्याकाळी त्याच्या उद्या उमलणाऱ्या कळ्यांतले परागकोश चिमट्याने काढून वर कागदी पिशव्या बांधल्या आणि सकाळी आबांच्या झाडाचे पराग लावले.

पुढच्या हंगामात ते बी वेगळं पेरलं. आबांचं झाड अस्सल असतं, तर सगळी पिवळीच फुलं आली असती. जवळजवळ निम्मी झाडं पांढरी फुलली.

आबा त्या ओळींतून फिरून आले. "म्हणजे मनं झाड लबाड निघनं."

"लबाड कशाचं, आबा? आपण त्याला आजवर नुसतं पाहत होतो. विचारलं कुठं होतं?"

तेवढ्यात गडी सवयीने पांढरी झाडं उपटायला वाकला. आबाच त्याच्यावर ओरडले, "हात नको लावू!"