आईचे फोटो असलेला रोल

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

सध्या मी एक भुताचा गेम खेळतेय. त्यात जुन्या कॅमेऱ्यानं फोटो काढायचे आणि लाल दिव्याच्या खोलीत स्वतःच धुवायचे. ते बघून आज सकाळी आबा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "माझा बी कॅमेरा हाय की कपाटात. आत रोल हाय. तुझ्या आईचं शेवटचं फोटू. धुवायचा धीरच झाला न्हाई."

मिरजेतल्या एका जुन्या फोटोग्राफरला लगेच फोन केला. ते रोल धुवायला तयार झाले. मी उंब्रजहून निघायची तयारी करतेय, तोवर माझ्या थोरल्या भावानं कॅमेरा खिडकीत नेऊन मागचं झाकण उघडलं. मोबाइलवर व्हिडिओ चालू.

"आत भूत हाय का बघतोय," म्हणाला.

रोलवर थेट ऊन पडलं. सगळे फोटो गेले.

आबा एवढंच म्हणाले, "ऱ्हाऊ दे. त्याला ठावं नव्हतं."

ठाऊक होतं. गेममध्ये मीही उजेडात झाकण उघडून रोल घालवला होता, तेव्हा शेजारी बसून हाच मला हसला होता.

आबांनी त्याला माफ केलंय. मीही करावं, असं तुम्हाला खरंच वाटतं?