साठ ग्रॅम पीठ

माझ्या सासूला साखर निघाली तेव्हा मला आनंद झाला. असं लिहू नये म्हणतील घरचे, पण झाला. अमरावतीच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, एका वेळच्या भाकरीला साठ ग्रॅम ज्वारीचं पीठ, आणि तेही अंदाजानं नाही, मोजून. 'मोजून' ऐकलं आणि त्याच संध्याकाळी मी स्वयंपाकघरासाठी बटणांचा काटा विकत आणला.

कारण सांगते. लग्न होऊन मी मोर्शीकडून अकोल्यात आले, ती भाजी विकणाऱ्यांच्या घरात. नवी तूर निघाली की माहेरून लेकीच्या सासरी एक पोतं जायचं, अशी आमच्याकडे रीत. त्या वर्षांत शेतीनं अख्ख्या वऱ्हाडाला रडवलं होतं. दोन हंगाम माझ्या बापाची तूर शेंगा भरायच्या आधीच वाळली. पोतं आलं नाही. दुसऱ्या खेपेला सासूनं बाजारातला तराजू ओट्यावर आणून ठेवला.

घरातल्या बाकीच्यांच्या भाकरी अंदाजानं उंडा घेऊन व्हायच्या. माझं पीठ तेवढं तोलून. एका पारड्यात शंभर ग्रॅमचं लोखंडी वजन, दुसऱ्यात माझं दोन्ही वेळचं पीठ. मला पाचवा महिना होता. एकदा लाज सोडून अर्धी भाकर जास्त मागितली, तर म्हणाली, "तुह्या बापानं औंदा तूर पाठवली काय?"

मी पुन्हा मागितलं नाही. लेक झाली ती पावणेदोन किलोची. तेही वजन मी विसरलेले नाही.

आता परात माझ्या हातात होती. दुकानदारानं काट्याची रीत दाखवली होती. रिकामी वाटी ठेवायची, शून्याचं बटण दाबायचं, मग पीठ घालायचं. मी बटण दाबलंच नाही. वाटी वीस ग्रॅमची होती, म्हणजे सासूच्या वाट्याला चाळीसच ग्रॅम पीठ. आकडा मात्र तिला रोज दाखवायची. "पाहा आई, साठ. डॉक्टरानं सांगितलं तेवढंच."

ती मागेल याची मी वाट पाहत होते. मागितलं की तिचंच वाक्य तिला परत द्यायचं, एवढी एकच हौस उरली होती. शेजारणी म्हणायच्या, सून असावी तर अशी, सासूचं पथ्य सोन्यासारखं तोलते. मी मान हलवायची. सासूचे हात थरथरायला लागले, उठताना भिंत धरायला लागली, पण मागेना. बावीस दिवस झाले.

तेविसाव्या दिवशी मी पीठ मोजत होते, तर ती दारात येऊन टेकली.

"वाटीचा धडा करत नाहीस तू," ती म्हणाली.

धडा करणं म्हणजे रिकाम्या भांड्याचं वजन आधी वजा करणं. उभा जन्म भाजी तोलण्यात गेलेली बाई ती, मी कोणाला फसवायला निघाले होते?

"पहिल्याच दिवशी दिसलं मले."

"मंग बोलल्या काहून नाही?"

"कोन्या तोंडानं बोलू? ते शंभरचं वजन घासेल होतं. बाजारात चालत नव्हतं, म्हणून घरात आणलं म्या. तुह्यासाठी."

माझ्या अंगाची आग झाली. इतकी वर्षं मी तिला दुष्ट म्हटलं, पण मापाला खरी मानलं होतं. निदान शंभर ग्रॅम तरी पोटात गेलं, असं स्वतःला समजावत आले होते. तेवढंही गेलं नव्हतं.

मी पीठ परत डब्यात ओतलं. रिकामी वाटी काट्यावर ठेवली आणि तिच्यादेखत बटण दाबून शून्य आणलं. मग साठ ग्रॅम पीठ घेतलं, पुरं.

"आजपासून माह्या हातून कमी पडनार नाही," म्हटलं.

भाकर भाजून तिच्यापुढे ठेवली आणि समोर बसले. बावीस दिवस लहान भाकर निमूट खाल्लेल्या तिच्या घशाखाली ही पुरी भाकर उतरेना. दर घासाला पाणी लागत होतं. तिनं दोनदा माझ्याकडे पाहिलं. शेवटचा घास जाईपर्यंत मी तिथून उठले नाही.