न हललेली कणी

माणसाच्या ओळखीची सुरुवात त्याच्या कुत्र्याच्या विष्ठेपासून व्हावी, असे मनापासून मानणारा गृहस्थ साऱ्या भंडारा जिल्ह्यात एकच असावा, आणि अड्याळला तो माझा शेजारी होता.

ते गुरांचे डॉक्टर. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी तेथील शाळेत रुजू झालो, तेव्हा नमस्काराऐवजी त्यांनी विचारले, "कुत्रा आहे का, मास्तर?" मी नाही म्हणताच त्यांच्या चेहऱ्यावर जी सहानुभूती उमटली, ती माझ्या अविवाहितपणाबद्दलही कोणी दाखवली नव्हती. दवाखान्यात बैल-म्हशींची रीघ असे. ती जनावरे ते कर्तव्य म्हणून तपासत. मन मात्र सूक्ष्मदर्शकापाशी. मिठाच्या दाट पाण्यात विष्ठा कालवली की जंतांची अंडी वर तरंगतात. त्यामुळे घरचे मीठ तिकडे जाई आणि वरण अळणी राही. "आज कोनाची अंडी निघाली?" असे त्यांच्या पत्नी पोळी वाढताना निर्विकारपणे विचारत. चपट्या जंताने मात्र डॉक्टरांना हैराण केले होते. त्याची अंडी अशी सहजी तरंगत नाहीत. त्याच्या अंगाची तांदळाएवढी पेरे सुटून बाहेर पडतात, तीही लहर येईल तेव्हा. ताजे पेर कोमट पाण्यात हलते, आखडते. म्हणून "हालल्याबिगर बोलाचं नाई" हे डॉक्टरांचे ब्रीद होते.

एका सकाळी आमच्या घरमालकीणबाई पळसाच्या पानावर पुरावा घेऊन आल्या. त्यांची नात घरच्या भुऱ्या नावाच्या कुत्र्याच्या पाठीला धरून उभी राहायला शिकत होती, आणि त्याच भुऱ्याच्या शेपटीखाली त्यांना पांढरे काही चिकटलेले दिसले होते.

"हे पाहा जंत! पोरीले झाले तं? उद्याच याले तलावापल्याडच्या जंगलात सोडून देतो."

डॉक्टरांनी तो दाणा कोमट पाण्यात सोडला. आम्ही तिघे वाकून पाहत राहिलो. दाणा हलला नाही, सावकाश फुगला.

"काकू, ही तुमच्याच घरची कणी आहे. काल तांदूळ पाखडले, तिथंच बसला असन तो."

चिमटीत धरून तांदळाची जात सांगणाऱ्या बाईला आपलाच तांदूळ ओळखू आला नव्हता. त्या पदर सावरत उठल्या. "मंग सुटला भुऱ्या?"

"काहून सुटन? एक कणी हालली नाई, म्हून जंत नाई असं कुठं आहे? रोज सकाळी आना त्याले."

भुऱ्या रोज येऊ लागला. दवाखान्याच्या पायरीसमोर बसून विधी उरके. डॉक्टर काडीने तो उजेडात उलटसुलट करीत आणि "शाब्बास" म्हणत. अखेर एक पेर आपल्या पायांनी आल्यासारखे सरकत आले. काचांमध्ये दाबल्यावर अंड्यांचे पुंजके दिसले. मोहफुलांच्या घोसासारखे, असे डॉक्टर म्हणाले. मलाही पाहण्याचा मान मिळाला. मला माझ्या पापण्यांचे केसच दिसले, तरी मी "वा" म्हणालो.

"आता तं सोडतोच," बाई म्हणाल्या.

"सोडा ना. पिसवा तं आंगनातच राह्यतीन. हा जंत पिसवेतून येते, काकू. कुत्रा गेला अन् पिसू पोरीच्या तोंडात गेली, तं मंग कोनाले सोडसान?"

बाईंनी जंगलाचा बेत सोडला. मग भुऱ्याला औषध मिळाले, अंगणाला धुलाई मिळाली, आणि तपासणी पुढे चालू राहिली. पेर पुन्हा दिसले नाही. भुऱ्या निर्दोष ठरला, त्या सुमारास नात त्याची पाठ सोडून चालू लागली होती.

पुढे डॉक्टरांची बदली झाली. नवे डॉक्टर उशिरा येत, आणि आल्यावर नाकाला रुमाल लावून आत जात. भुऱ्या मात्र रोज सकाळी बंद दारासमोर येई, नेहमीच्या जागी बसून आपले काम करी, आणि मग जरा बाजूला सरून, दाराकडे पाहत थांबे. शाळेत जाताना मी त्याच्यापाशी क्षणभर उभा राही. कोणी आसपास नसेल, तर हलक्या आवाजात "शाब्बास" म्हणत असे.