त्या नावाचं मशीन

आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात मावशी म्हटलं की एकच, नोंदणीच्या टेबलावरच्या. मोठे डॉक्टर वयाने त्यांच्याहून वडील, पण तेही मावशीच म्हणतात. वीस वर्षं त्यांनी तळघरात कागदी फायली सांभाळल्या, पन्नाशीत संगणक शिकल्या आणि वर उजेडात आल्या. टापटीप एवढी की टेबलावरची पेनंसुद्धा उंचीने लावलेली. सर्व्हर सांभाळायला लागून मला जेमतेम चार महिने झाले होते, तरी मी त्यांना खुशाल चिडवायचो.

त्या सकाळी सर्व्हर अडून बसला. वरच्या मजल्यांवरून तो बिनतक्रार चालत होता, फक्त ज्या मशीनमध्ये तो बसवलाय त्या मावशींच्या मशीनलाच आत घेईना. परक्यांचं स्वागत आणि घरच्याला दार बंद! बाहेर डोळ्यांत थेंब घातलेले चाळीस पेशंट चाचपडत बसले होते. मावशी दारात उभ्या राहून आठवतील तशी नावं पुकारत होत्या.

"चूक कुणाची ते दुपारपर्यंत लेखी द्या," मोठे डॉक्टर मला म्हणाले. "मावशींची असेल तर त्यांना पुन्हा खाली फायलींवर पाठवू. या वयात नाही जमत सगळ्यांना."

मावशींनी ते ऐकलं. पुढचं नाव पुकारताना त्यांचा आवाज चिरकला.

मी पासवर्ड तपासला, सर्व्हर दोनदा बंद करून चालू केला, फायरवॉल पाहिली. दोन तास गेले. शेवटी वैतागून ओरडलोच, "मावशी, काल कशाला हात लावलात?"

"तू सांगितलंस तशी मशीनांच्या नावांची यादी साफ केली रे. भंगारात गेलेल्यांच्या ओळी पुसल्या. एका नावाचा मात्र पत्ता लागेना. तीनही मजले फिरले, एकेक स्टिकर वाचलं. 'लोकलहोस्ट' नावाचं मशीन कुठेच नाही. मग तीही ओळ पुसली."

मला हसू फुटलं आणि तिथेच जिरलं. प्रत्येक मशीन स्वतःला त्याच नावाने ओळखतं; ती ओळ पुसली की त्याला स्वतःच्याच आतला सर्व्हर सापडत नाही. मावशी ज्याच्यासमोर बसून ओळ पुसत होत्या, तेच ते मशीन. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

ओळ परत लिहिली, सर्व्हर मुकाट्याने चालू झाला. राहिला अहवाल.

"माझं नाव लिही," मावशी म्हणाल्या. "पुसलं मीच ना."

खोटं कशाला बोलू, मी पेन उचललंही होतं. कालची वेळ बघायला त्यांची रोजच्या कामांच्या नोंदींची फाईल उघडली, तर पहिल्याच पानावर माझी चिठ्ठी टाचलेली. 'जे मशीन दवाखान्यात सापडणार नाही, त्याची ओळ पुसा. विचारत बसू नका.' खाली माझी सही. फाईल सकाळपासून त्यांच्या हाताशी होती.

मला माझीच लाज वाटली. "ही दाखवली का नाहीत?"

"तुझी नोकरी अजून कच्ची आहे," त्या म्हणाल्या. "मला काय, तळघर ओळखीचंच आहे."

त्यांनी चिठ्ठीवर हात ठेवला आणि तो काही केल्या उचलेनात. मी चिठ्ठी ओढून काढली, अहवालाला जोडली आणि 'चूक कुणाची' याच्यापुढे माझं नाव लिहिलं.