घडीखालचा अर्धा आलेख

आज वन्सं पास झाल्या. देवाचे आभार मानले आणि मगच ही वही उघडली.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. सव्वीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात कापायच्या टेबलापाशी उभ्या आहेत. तिथे सगळे त्यांना मास्तर म्हणतात. गुडघ्यांनी मात्र आता असहकार पुकारलाय. शिवणशाळेत शिकवायची जागा निघाली, बसून करायचं काम. पण त्यासाठी राहून गेलेला गणिताचा पेपर सुटायला हवा होता. दोनदा आपटल्या. ही शेवटची संधी. माझ्या लेकीने आत्याची शिकवणी हाती घेतली आणि मी देवाला साकडं घातलं.

आकडेमोडीत वन्सं चोख. गाडं अडायचं वर्गसमीकरणाच्या आलेखापाशी. सरावाच्या पेपरात बिंदू बरोबर, रेघ सुबक, मार्क मात्र निम्मे. लेक वैतागून विचारायची की निम्माच आलेख काढून का सोडतेस, वेळ पुरत नाही का. वन्संचं म्हणणं, काढलाय की पुरता. दोघींचं असं आठवडाभर चाललं होतं.

मी शेजारी भाजी निवडत होते. गणितातलं मला ओ की ठो कळत नाही, पण तो कागद बघितला आणि माझा हात थांबला. माझ्या कितीतरी कपड्यांचे गळे वन्संनी आमच्या याच जेवणाच्या टेबलावर कापलेत. कापडाची घडी घालायची, घडीच्या कडेला अर्धा गळा आखायचा, कात्री फिरवायची. उलगडलं की दोन्ही बाजू सारख्या. पुरता गळा आखतो तो शिकाऊ.

"अगं, त्या घडीवर काढतायत," मी लेकीला म्हटलं. "उरलेला अर्धा खाली आहे."

वन्संना यात नवल ते काय, तेच कळेना. "मग? तपासणाऱ्याला उलगडता येत नाही?"

आम्ही हसून हसून बेजार. त्याही हसल्या, पण जरा उशिरा.

तरी एक गाठ उरलीच. घडी त्या नेहमी कागदाच्या मधल्या उभ्या रेघेवरच घालायच्या. लेकीने पुढचं गणित काढून दाखवलं की हा आलेख आडव्या रेघेला एकवर आणि तीनवर कापतो, म्हणून याची घडी दोनवर.

"म्हणजे दोन खांदे मोजून मधोमध," वन्सं म्हणाल्या. "हे आधी सांगायला तोंड दुखत होतं का?"

मग गाडी सुसाट. वर्गापुढचा आकडा मोठा तर गळा अरुंद, एकाहून लहान तर पसरट, वजा असला तर पालथा. लेकीने पुस्तक मिटूनच टाकलं.

परीक्षेहून परतल्या त्या पांढऱ्याफटक होऊन. x चा वर्ग, वजा चार x, अधिक पाच, असं आलं होतं. आलेख आडव्या रेघेला शिवतच नाही. "खांदेच नाहीत गं," मला म्हणाल्या. पेपरात दहा मिनिटं नुसत्या बसून राहिल्या होत्या म्हणे. मग सुचलं, खांदे नसले तर नसले, सारख्या उंचीच्या कुठल्याही दोन खुणा चालतील. शून्यावर पाच, चारवरही पाच. घडी दोनवर, आणि तिथे गळ्याचा तळ एकवर. उलगडून पुरता काढला. लेकीने तिथल्या तिथे पडताळला, अगदी बरोबर. पण एका आलेखावर पेपर सुटत नाही, म्हणून निकालापर्यंतचे एकोणीस दिवस मी जीव मुठीत धरूनच प्रार्थना केली.

आज दुपारी वन्सं आल्या. काठावर नाही, चांगल्या मार्कांनी पास. कागद टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढून बसल्या. एरवी आमच्याकडे येऊनही भिंतीला टेकून उभ्याच असायच्या, सवयच तशी पडलेली. मी चहा आणला, तरी उठल्या नाहीत. पाय लांब केले, डोळे मिटले.

"राहू दे जरा," म्हणाल्या. "आता बसायचाच पगार आहे."