अडुसष्ट सेंटिमीटरचा पखवाज

क्रूझ कंपनीच्या पत्राने पहिल्या परिच्छेदात आम्हाला ‘सन्माननीय पाहुणे’ म्हटलं होतं आणि दुसऱ्यात आमच्या पिशव्यांची मापं सांगितली होती. हातातलं सामान पंचावन्न सेंटिमीटर लांब, पस्तीस रुंद, पंचवीस जाड. त्याहून मोठं असेल ते बंदरावर हमालांकडे द्यायचं. रात्री आठपर्यंत ते खोलीच्या दाराशी येईल. माझी सगळी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांची उंची सेंटिमीटरमध्ये नोंदवण्यात गेली, त्यामुळे मापाचा मला राग नव्हता. अडचण वेगळी होती. भावजींचा पखवाज अडुसष्ट सेंटिमीटर होता आणि दिवेलागण सातला.

भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. वाडीतल्या देवळात रोज दिवेलागणीला ते पखवाज वाजवतात, शेजारी ताई टाळ धरते. गेली चाळीस वर्षं यात खंड नाही. गावाबाहेर जावं लागलं तर पखवाज मांडीवर घेऊन एसटीने जायचं आणि सात वाजता जिथे असू तिथे वाजवायचा. लग्नघरी, एकदा तर चिपळूणच्या स्टँडवर. जिथे पखवाज जाणार नाही तिथे भावजी जात नाहीत, आणि भावजी नाहीत तिथे ताई जात नाही. मी देवभोळी नाही. या प्रकाराला मी मनातल्या मनात हट्ट म्हणते. पण चाळीस वर्षं टिकलेल्या हट्टाला वेगळं नाव द्यावं लागतं, ते मला अजून सापडलेलं नाही.

ताईला बोटीत बसायचं होतं. लहानपणी आम्ही दोघी मांडवीच्या जेटीवर उभ्या राहून लांब समुद्रात थांबलेली मुंबईची बोट बघायचो. माणसं होडीतून बोटीपर्यंत जायची आणि दोर धरून वर चढायची. वडील म्हणायचे, पुढच्या वर्षी. मग ती बोटच बंद झाली. आता ताईच्या अडुसष्टाव्या वर्षी तिच्या मुलाने मुंबई–गोवा क्रूझची तिकिटं काढून दिली. सोबतीला मी, कारण मला इंग्रजी पत्रं वाचता येतात.

मी टीव्हीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची पंचावन्न-पस्तीस-पंचवीसची चौकट केली आणि ओटीवर ठेवली. ताईची पिशवी गेली. माझी गेली. पखवाज आडवा, उभा, तिरका, सगळ्या बाजूंनी घालून पाहिला. त्याचं पोटच पंचविसात मावेना, लांबीची गोष्ट दूरच.

“मधे कापू काय?” भावजी म्हणाले.

“कापायचं तर तुम्हालाच कापीन,” ताई म्हणाली. “तुम्ही दोन तुकड्यांत पंचावन्नात बसाल.”

“मग तुम्ही दोघी जा. मी राहातो.”

“हां. आणि मी तिथे बसून काय करू, तुमची आठवण?”

हे ती हसत बोलली, पण संध्याकाळी तिने आपली पिशवी रिकामी केली आणि साड्या घडी करून परत कपाटात ठेवल्या. ते पाहिल्यावर मी कंपनीला फोन लावला.

“मॅम, म्युझिकल इन्स्ट्रुमेंट अलाऊड आहे,” फोनवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली. “फक्त साइजमध्ये पाहिजे.”

“गिटार साइजमध्ये बसते?”

“नाही मॅम.”

“मग अलाऊड काय आहे? बासरी?”

तिने मला होल्डवर ठेवलं. पलीकडे समुद्राच्या लाटांचा आवाज लावलेला होता. माझ्या घराच्या खिडकीतून खरा ऐकू येतो, म्हणून मी फोन ठेवला.

मग मी नियमांची अठरा पानं छापून घेतली आणि शिसपेन्सिल घेऊन बसले. अशा कागदपत्रांचा मला अनुभव आहे. ज्याने नियम लिहिला त्याने तो परत वाचलेला नसतो, एवढ्यावर भरवसा ठेवायचा. बाराव्या पानावर एक ओळ मिळाली. प्रवाशाने अंगावर घातलेल्या वस्तू, म्हणजे कोट, गळ्यातला कॅमेरा, तान्ह्या बाळाची झोळी, हातातल्या सामानात धरल्या जाणार नाहीत.

शिमग्यात पालखीपुढे भावजी पखवाज पट्ट्याने गळ्यात अडकवून दिवसभर चालतात. मी ओळीखाली रेघ मारली, कागद ताईपुढे धरला आणि मराठीत समजावला.

तिने तो दोनदा बोट ठेवून ऐकला. “साड्या काढते,” म्हणाली.

मुंबईच्या बंदरावर आमचं स्वागत निळ्या कोटातल्या माणसांनी आणि कागदी फुलांच्या कमानीने केलं. कमानीखाली फोटो काढायचा, कमानीपलीकडे पिशवी लोखंडी चौकटीत घालून दाखवायची. पुढच्या बाईंची चाकांची बॅग अडकली तेव्हा निळ्या कोटाने ती दोन्ही हातांनी दाबली, वर गुडघा ठेवला, आणि बॅग आत गेल्यावर बाईंना लवून नमस्कार केला.

मग भावजी आले. पांढरा सदरा, टोपी, गळ्यात पखवाज, दोन्ही हात मोकळे.

“सर, हे लगेज आहे,” निळा कोट म्हणाला.

“लगेज नव्हे,” भावजी म्हणाले. “घातलंय.”

मी बारावं पान पुढे केलं. त्याने वाचलं, साहेबांना बोलावलं. साहेबांच्या कोटावर सोनेरी पट्ट्या होत्या. त्यांनीही वाचलं आणि माणूस तयारी नसलेल्या परीक्षेला बसतो तसा चेहरा केला.

“पण मशीनमधून जाताना काढावा लागेल,” ते म्हणाले. “काढला की लगेज झाला.”

“तुम्ही यांच्या कमरेचा पट्टाही काढायला सांगणार ना?” मी विचारलं. “त्याचं माप घेणार आहात का?”

मागे रांग वाढत होती. ताईने आपली पिशवी चौकटीत ठेवली, काढली, परत ठेवली, पुन्हा काढली. निदान एवढं तरी बसतं हे ती सगळ्यांना दाखवत होती, की स्वतःला, ते मला कळलं नाही.

“खरंच वाजतो ना हा?” साहेब म्हणाले. “जरा वाजवून दाखवा.”

“सात वाजता,” भावजी म्हणाले.

“आत्ता का नाही?”

“आत्ता तीन वाजलेत.”

या उत्तरावर साहेबांकडे नियम नव्हता. त्यांनी हाताने जा म्हणून खूण केली. मशीनच्या पडद्यावर पखवाज रिकामा दिसला. पण भावजींच्या पिशवीतून दोन गोष्टी निघाल्या. पखवाजाचे लाकडी गठ्ठे ठोकून सूर लावायची छोटी हातोडी, आणि डाव्या तोंडाला लावायच्या कणकेसाठी गव्हाच्या पिठाची पुडी. त्या कणकेशिवाय पखवाजाचा डावा आवाज पत्र्याच्या डब्यासारखा येतो. हातोडी हत्यार ठरली आणि पीठ बाहेरचं खाद्य. दोन्हींची पावती मिळाली. पखवाज बोटीवर गेला, पण मुका.

आमची खोली आतल्या बाजूची होती, खिडकीऐवजी भिंतीवर समुद्राचं चित्र. भावजी पलंगावर पखवाज मांडीत घेऊन बसले. साडेपाच झाले. बोट सुटल्याचं फक्त पाण्याच्या ग्लासावरून कळलं. ताईने अजून समुद्र पाहिला नव्हता. ते बसलेले असताना ती बाहेर जाईना.

“राहू दे,” भावजी म्हणाले. “कोरडाच वाजवतो.”

“कोरडा वाजवाल आणि गोव्यापर्यंत तोंड पाडून बसाल,” ताई म्हणाली. “मी ओळखत नाही का तुम्हाला?” आणि ती उठली.

मी मागोमाग गेले. आयुष्यात पहिल्यांदा बोटीवर चढलेली बाई गालिचे, झुंबरं आणि काचेच्या लिफ्ट ओलांडून, दिसेल त्याला “स्वयंपाकघर कुठे?” विचारत चालली होती. कोणी बुफेकडे बोट दाखवलं, कोणी मेनू दिला. शेवटी ‘फक्त कर्मचाऱ्यांसाठी’ असं लिहिलेलं दार तिने ढकललं. आतल्या आचाऱ्याने हिंदीत विचारलं, काय पाहिजे.

“भिजवलेली कणीक. मूठभर,” ताई मराठीत म्हणाली. “खायला नको.”

तो तिच्याकडे बघत राहिला. “पखवाजाला?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“मी अंजनवेलचा, मावशी. आमच्या देवळात काय कणकेच्या चपात्या करतात काय?” त्याने परातीतून गोळा तोडला. “तेल घातलेलं नाही. आणखी काय?”

“हातोडी.”

“ती नाय मिळायची.” त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि जाड लाटणं हातात दिलं. “उद्या नाश्त्याच्या आधी परत द्या. नाहीतर तुमच्याच पुऱ्या चुकतील.”

सातला दहा कमी असताना भावजी लाटण्याने गठ्ठे ठोकत होते. सुरुवातीला त्यांनी लाटण्याकडे तुच्छतेने पाहिलं. मग दोनदा ठोकून कान लावला आणि पुढचा गठ्ठा ठोकायला घेतला. कणीक थापली. डावा हात टेकवला. खोलीच्या भिंतीवरचं समुद्राचं चित्र हललं.

ताईने पिशवीतून टाळ काढले. ते मापात बसलेले होते, त्यांना कोणी विचारलंही नव्हतं. ते तिने माझ्या हातात दिले.

“मला येत नाही,” मी म्हणाले. “आणि माझा विश्वासही नाही.”

“विश्वास नको. ताल धर,” ती म्हणाली. “आज मी नाही.”

भावजींनी मान वर केली. ती वहाणा घालून दारात उभी होती.

“कुठे?”

“बोटीत बसायला आलेय ना मी?” ती म्हणाली. “अजून बसलेच नाही.”

आणि ती वर डेकवर गेली. भावजींनी क्षणभर दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सात वाजले होते. मी टाळ चुकीच्या हातात धरले होते, ते त्यांनी नुसत्या भुवईने बदलायला लावले.