पुड्यावरचा हात

आमच्या तिखटाच्या पुड्यावर आईच्या उजव्या हाताचा ठसा असायचा. भिवापुरी मिरची तिनं तेलाचा हात लावून परतायची, बाबांनी कांडून घ्यायची, आणि धरमपेठेपासून सावनेरपर्यंतच्या बायकांनी 'हाताचं तिखट' म्हणून मागून न्यायची. उन्हाळ्यात कांडप सुरू झालं की अख्खी गल्ली शिंकायची. शेजारची म्हातारी तर शिव्या घालत शिंकायची आणि वर पुडाही न्यायची.

मी सातवीत होते, त्या उन्हाळ्यात कांडप सुरू झालं आणि कोणीच शिंकलं नाही. मुसळं धडधडत होती, तिखट लालभडक पडत होतं, गल्ली मात्र गप्प. म्हातारी ओट्यावर आली, नाक वर करून थांबली आणि आईला म्हणाली, "काहून वं, यंदा कोणालेच ठसका नाही लागून राहिला?"

आईनं बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, मिरची नवीन आहे.

नवीन कसली डोंबलाची! फिकी, स्वस्तातली मिरची आणि वरून रंग. आईला परतायलाही बोलावलं नव्हतं. मग घरोघरी तेच. भाजीवर रक्तासारखा तवंग, चव काही नाही, आणि हात कितीही धुतले तरी तळवे लालच. शाळेत पोरी आपले तळवे माझ्यासमोर धरायच्या. मला फार भीती वाटायची. आईनं बाबांना सांगितलं, पुड्यावरून माझा हात काढा. बाबा म्हणाले, हात काढला तर घेईल कोण?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघाली. रोगराई, वाईटसाईट सगळं त्या बाहुल्यांसोबत गावाबाहेर नेऊन जाळायचं, ही आमच्या नागपूरची रीत. आम्ही दारात उभे होतो. मारबतीसोबतच्या एका कागदी बडग्याच्या, म्हणजे पुरुषी बाहुल्याच्या, गळ्यात आमच्या रिकाम्या पुड्यांची माळ होती. वाऱ्यानं ते सगळे हात हलत होते. मिरवणूक आमच्या दारापुढं आल्यावर ओरडा थांबला. सगळे आमच्याकडे बघत होते. मग म्हातारीनंच आवाज दिला, "नकली तिखट घेऊन जा गे मारबत!" तिच्यामागून सगळी गल्ली.

बाबा दार लावायला वळले. आईनं उजवा हात पदराखाली घेतला होता. "राहू द्या," ती म्हणाली. "माझा हात जाळाले नेऊन राहिले. मले पाहू तर द्या."

त्या संध्याकाळी तिनं स्वयंपाक केला, पण वाढायला उठली नाही. तुमचं तुम्ही घ्या, म्हणाली. पुढं ती वारेपर्यंत आमच्या घरात तिच्या हातचं वाढलेलं कोणी जेवलं नाही.